मोटर रिवायंडिंग चांगलं केलं तर वीज वाचते म्हणतात, पण नक्की किती?

आधीच सांगून टाकतो, नमनालाच घडाभर तेल नको. चांगल्या रिवायंडिंगने (म्हणजे जळालेल्या मोटरमधली जुनी तार काढून नवीन भरणं) वीज "वाचते" असं जे म्हणतात ना, त्यात मोटर पहिल्यापेक्षा कमी वीज खायला लागते असं सहसा काही होत नाही (कधीकधी किंचित होतं, ते पुढे सांगतो). होतं एवढंच की वाईट रिवायंडिंगमुळे जी जास्तीची वीज रोज, तासन् तास, पुढची कित्येक वर्षं गेली असती ती जात नाही. म्हणजे ही बचत न झालेल्या नुकसानाची आहे. आणि न झालेलं नुकसान कुठल्या मीटरवर दिसणार? ते हिशोबानेच काढावं लागतं, आणि हिशोब म्हटलं की ज्याला जो आकडा हवा तो निघतो. इथंच घोडं पेंड खातं.

एनर्जी ऑडिटच्या निमित्ताने असे हिशोब बघायची सवय झालीये, त्यामुळे कुणी "एका रिवायंडिंगला २ टक्के एफिशियन्सी जाते" असं म्हटलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो की कुठल्या मोटरची, कुणी केलेल्या रिवायंडिंगमध्ये, आणि मोजली कशी. बहुतेक वेळा उत्तर असतं की असं मानतात. हा १-२ टक्केवाला आकडा खूप जुन्या काळापासून फिरतोय, कितीतरी कॅल्क्युलेटरमध्ये तो डिफॉल्ट म्हणून बसलेला असतो आणि कुणी त्याला हात लावत नाही.

प्रत्यक्ष मोजून बघितलेलं काम आहे, नाही असं नाही. मोटर दुरुस्ती करणाऱ्यांच्या दोन संघटना, अमेरिकेतली ईएएसए आणि ब्रिटनमधली एईएमटी, यांनी मिळून ५० ते ३०० हॉर्सपॉवरच्या २२ मोटरी घेतल्या, रिवायंडिंगच्या आधी आणि नंतर तपासल्या, चाचण्या नॉटिंगहॅम विद्यापीठात केल्या आणि २००३ मध्ये रिपोर्ट काढला. आता तुम्ही म्हणाल दुरुस्तीवाल्यांनीच केलेला अभ्यास, ते आपल्याच पायावर कशाला धोंडा मारून घेतील. मलाही तसंच वाटलं होतं, पण त्यात त्यांनी एक गट असा ठेवला होता की ज्यात कामाच्या पद्धतीवर खास काही बंधनं नव्हती, आणि त्या गटाचा वाईट निकालही छापलाय. त्या गटात एफिशियन्सी सरासरी ०.६ टक्क्याने पडली, काही मोटरींमध्ये १ टक्क्यापर्यंत. ज्या गटात नियम पाळून काम केलं तिथे सरासरी फरक ०.१ टक्का. दोन-तीनदा रिवायंड केलेल्या मोटरींमध्येही सरासरी तेवढाच, ०.१. पुढे आयई३ वर्गाच्या (आयई हे मोटरच्या एफिशियन्सीचे वर्ग, आकडा मोठा तितकी मोटर चांगली) मोटरींवरही त्यांनी तसाच अभ्यास केला आणि काम नीट असेल तर एफिशियन्सी टिकते हेच परत निघालं.

(आणि हो, या सगळ्या लेखात "०.६ टक्क्याने पडली" म्हणजे ९२.७ ची ९२.१ झाली असं समजा, ९२.७ च्या ०.६ टक्के नाही. ही गल्लत फार होते.)

त्या रिपोर्टमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ज्या गटाची सरासरी ०.६ ने पडली त्यातल्या दोन सगळ्यात वाईट मोटरी उघडून बघितल्या तर वायंडिंगचा दोष नव्हताच, जोडताना बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं होतं ते जास्त झालं होतं. ते दुरुस्त केल्यावर गटाची सरासरी ०.४ वर आली. ग्रीस! म्हणजे तांब्याच्या तारेवर चर्चा करत बसायचं आणि वीज जाते ग्रीसमध्ये.

तर नुकसान होतं कुठे कुठे ते बघू, कारण ते कळल्याशिवाय अंदाज करणं म्हणजे हवेत गोळीबार आहे. मोटरमधले लॉस, म्हणजे वाया जाणारी वीज, पाच प्रकारचे: स्टेटरच्या (न फिरणाऱ्या भागाच्या) तांब्यात, रोटरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) बारमध्ये, कोअरच्या लोखंडात, बेअरिंग आणि पंख्याच्या घर्षणात, आणि उरलेला स्ट्रे लॉस. रिवायंडिंगवाल्याच्या हातात त्यातले मुख्यतः तीन असतात, तांबं, लोखंड आणि घर्षण. रोटरला त्याने हात न लावलेलाच बरा. कधीकधी रोटर स्टेटरला घासतोय म्हणून लेथवर लावून त्याचं थोडं मटेरियल काढतात, मग एअर गॅप (दोघांमधली फट) वाढतो, मॅग्नेटायझिंग करंट (चुंबकत्व तयार करणारा) वाढतो आणि मोटर आयुष्यभर रिकामी चालतानाही जास्त अँपिअर खेचते.

तांब्याचं बघा. समजा मूळ मोटरमध्ये १.१२ मिमीच्या चार तारा एकत्र घेऊन कॉइल भरलेली आहे. वायंडरकडे १.१२ ची तार संपलीये, १.०६ ची आहे. दोन्ही तारा हातात घेतल्या तर भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही, ०.०६ मिमीचा तर मामला, आणि बारीक तार स्लॉटमध्ये (कोअरच्या खाचेत) बसवायलाही सोपी, बोटांना त्रास कमी, खाचेतला इन्सुलेशनचा पेपर फाटत नाही. पण तारेचा छेद व्यासाच्या वर्गाने बदलतो. १.१२ भागिले १.०६ करा आणि त्याचा वर्ग करा, १.११६ येतं. म्हणजे रेझिस्टन्स साडेअकरा टक्क्यांनी वाढला आणि त्याच प्रमाणात स्टेटरचा तांब्यातला लॉस वाढला, तोही फक्त एका गेजच्या फरकाने. शिवाय लॉस वाढला की वायंडिंग जास्त तापतं, तापलं की रेझिस्टन्स अजून वाढतो, आणि इन्सुलेशनचं आयुष्य कमी होतं ते वेगळंच, १० अंश जास्त तापमानाला आयुष्य अर्धं असा जो ढोबळ नियम आहे तो इथे लागू पडतो.

दुसरी भानगड म्हणजे कॉइलची लांबी. स्लॉटच्या आतली लांबी ठरलेली असते, ती कुणी बदलू शकत नाही, पण स्लॉटच्या बाहेर दोन्ही बाजूंना जो तारांचा गजरा येतो त्याची लांबी वायंडरच्या साच्यावर असते. साचा थोडा मोठा घेतला की कॉइल आत टाकायला सोपी जाते आणि तेवढी तार फुकट वाढते, त्या तारेतून करंट जातो, उष्णता होते, पण टॉर्क काहीच मिळत नाही. टर्न (तारेचे वेढे) कमी केले तर तांब्यातला लॉस कमी होतो हे खरं, पण मग फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) वाढतो आणि लोखंड सॅच्युरेट व्हायला, म्हणजे चुंबकत्वाने भरून जायला लागतं, म्हणजे इकडचं काढून तिकडे टाकलं. त्यामुळे टर्न, पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर), कनेक्शन, तारेचा एकूण छेद हे मूळचं जसं होतं तसंच, आणि छेद जमला तर थोडा जास्त. कारखान्यात मशीनने वायंडिंग भरताना स्लॉट पूर्ण भरत नाहीत, हाताने भरणारा कसबी वायंडर तिथे थोडं जास्त तांबं घालू शकतो, आणि मग एफिशियन्सी किंचित वाढते. वर म्हटलं ते "कधीकधी" हेच. पण त्याच्या जीवावर जुनी मोटर आयई३ होईल असं कुणी सांगत असेल तर सोडून द्या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, लोखंड आणि रोटर तेच आहेत.

आता लोखंड, आणि इथे जरा थांबायला पाहिजे कारण खरा खेळ इथे होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

स्टेटरचा कोअर म्हणजे पातळ पत्र्यांची थप्पी, आपण स्टॅम्पिंग म्हणतो ते, आणि प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा अगदी पातळ थर असतो जेणेकरून एडी करंट (लोखंडात आपोआप भोवऱ्यासारखे फिरणारे करंट) एका पत्र्यातून दुसऱ्यात जाऊ नये. जुनं वायंडिंग वार्निशमुळे दगडासारखं घट्ट झालेलं असतं. ते काढायचं तर एका बाजूचा गजरा कापायचा, वार्निश जाळून मऊ करायचं आणि दुसऱ्या बाजूने तार ओढून काढायची. जाळायचं कुठे? नियम असा की तापमान नियंत्रित ओव्हनमध्ये, कोअरला सेन्सर लावून, आणि कोअरचं तापमान साधारण ३७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही. (पत्र्यांवरचा थर अजैविक प्रकारचा असेल तर ४०० पर्यंत चालतं, पण तो कुठला आहे ते माहीत नसेल तर ३७० च धरायचं.) प्रत्यक्षात घाईच्या ठिकाणी काय होतं, तर गॅसची टॉर्च मारतात किंवा सरळ उघड्यावर आग लावतात. टॉर्चच्या ज्योतीखाली एखाद्या जागी तापमान किती गेलं हे कुणाला कळणार? पत्र्यांमधलं इन्सुलेशन तिथे जळून जातं, मग तार निघत नाही म्हणून छिन्नी-हातोडा, दोन स्लॉटमधल्या दातांची टोकं वाकतात, स्लॉटमध्ये खरखरीत कडा राहिल्या म्हणून कानस फिरवतात, कानशीने पत्र्यांच्या कडा एकमेकींवर पसरून चिकटतात. झालं, पत्रे एकमेकांना शॉर्ट. आता तिथे एडी करंट फिरणार, आणि तो लोड असो नसो, मोटर चालू आहे तोवर फिरणार. वरून नवीन चकचकीत वार्निश, बॉडीला ताजा रंग. वरून कीर्तन आतून तमाशा.

यावर उपाय फार सोपा आहे आणि म्हणूनच राग येतो की तो होत नाही. कोअर टेस्ट. स्टेटरच्या पोकळीतून केबलचे थोडे वेढे घ्यायचे, त्यातून एवढाच करंट सोडायचा की कोअरमध्ये साधारण १.३ टेस्लाचा फ्लक्स तयार होईल, आणि किती वॅट गेले ते मोजायचं. जाळण्याआधी एकदा आणि वायंडिंग काढून साफ केल्यावर एकदा. थोडा वेळ चालू ठेवून थर्मल कॅमेरा फिरवला की गरम ठिपके लगेच दिसतात, बाकी कोअरपेक्षा १०-१५ अंश जास्त असलेला ठिपका असेल तर तिथे पत्रे शॉर्ट आहेत समजायचं. आणि एकूण वॅट आधीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त वाढले असतील तर त्या कोअरमध्ये नवीन वायंडिंग घालायच्या आधी विचार करा. हे दोन आकडे, आधीचे वॅट आणि नंतरचे वॅट, ज्या ठिकाणी लिहून मिळतात तिथलं काम साधारण चांगलं असतं असा माझा अनुभव आहे, कारण मोजणारा माणूस आपोआप जपून काम करतो.

घर्षणाचं थोडक्यात. जास्त ग्रीस सांगितलंच. उघड्या किंवा धातूच्या झाकणाच्या बेअरिंगऐवजी रबर सीलचं बेअरिंग टाकलं की सील शाफ्टच्या बाजूला घासतं आणि लॉस वाढतो. मागचा पंखा तुटला म्हणून जो मिळाला तो मोठा पंखा बसवला तर त्याची वीज व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते, जास्त वेगाने फिरणाऱ्या २ पोलच्या मोटरला तर हे चांगलंच जाणवतं.

आता मुद्द्याचं, अंदाज कसा करायचा. दोन वाटा आहेत.

पहिली वाट वरून खाली येणारी. मोटरचे किलोवॅट गुणिले लोड फॅक्टर (पूर्ण क्षमतेच्या किती टक्के लोड आहे ते) गुणिले वर्षाचे तास, आणि त्याला गुणायचं (१ भागिले वाईट एफिशियन्सी वजा १ भागिले चांगली एफिशियन्सी) ने. ३७ किलोवॅटची ४ पोल आयई२ मोटर घेऊ, ५० हर्ट्झला तिची एफिशियन्सी ९२.७. लोड ७५ टक्के, म्हणजे शाफ्टवर २७.७५ किलोवॅट. वर्षाला ६००० तास चालते समजू. चांगल्या कामानंतर ९२.७ च राहिली तर इनपुट २९.९४ किलोवॅट. वाईट कामाने १ टक्का पडून ९१.७ झाली तर ३०.२६. फरक ०.३३ किलोवॅटच्या आसपास, वर्षाला साधारण १९५० युनिट. आता तोच हिशोब ०.५ टक्क्याने केला तर ९७० युनिट, २ टक्क्याने केला तर ३९५० च्या पुढे. बघा, मोटर तीच, तास तेच, लोड तोच, आणि उत्तर चौपट बदललं ते फक्त मी कुठला टक्का मनात धरला त्यावर. म्हणून जो कोणी एकच आकडा छातीठोकपणे सांगतो त्याला विचारा टक्का कुठून आणला.

१ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो पण लॉसच्या बाजूने बघा. फुल लोडला या मोटरचा एकूण लॉस २.९१ किलोवॅट असतो, एफिशियन्सी १ टक्का पडली की तो ३.३५ होतो. म्हणजे आतली उष्णता १५ टक्क्यांनी वाढली. पुढच्या वेळी मोटर लवकर का जळते याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

दुसरी वाट खालून वर जाणारी, आणि मला हीच पटते कारण यात मनातला टक्का कमी आणि मोजलेले आकडे जास्त. यात दोनच गोष्टी लागतात, दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स आणि नो-लोडचे, म्हणजे रिकाम्या चालणाऱ्या मोटरचे, वॅट. रेझिस्टन्स साध्या मल्टीमीटरने नाही हां, तिथे ०.२ ओहमच्या खाली प्रोबचाच रेझिस्टन्स दिसतो, त्याला चार तारांचा मिलिओहम मीटर पाहिजे. आणि तापमान लिहायलाच पाहिजे. तांब्याचा हिशोब सोपा आहे, (२३५ + नवीन तापमान) भागिले (२३५ + जुनं तापमान). १५ अंशाला मोजलेलं वायंडिंग ३५ अंशाला मोजलं तर २७० भागिले २५०, म्हणजे ८ टक्के जास्त दाखवणार, काहीही न बदलता! गार सकाळी मोजलेला "आधीचा" आणि भर दुपारी मोजलेला "नंतरचा" आकडा तसाच शेजारी ठेवला की बिचारा वायंडर फुकट बदनाम.

समजा मोटर चालताना जेवढी गरम असते त्या तापमानाला आणून रेझिस्टन्स आधी ०.१६० ओहम होता आणि आता ०.१७९ झाला, तेच ते १.१२ च्या जागी १.०६ प्रकरण. तांब्यातला लॉस म्हणजे १.५ गुणिले लाइन करंटचा वर्ग गुणिले दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स, स्टार असो डेल्टा असो हे सूत्र चालतं. ७५ टक्के लोडला करंट ५१ अँपिअर धरला तर वाढ झाली ७४ वॅट. वर्षाला ४४० युनिट.

आता नो-लोड. रेटेड व्होल्टेजला रिकामी मोटर आधी १०९० वॅट घ्यायची, आता १३१० घेते. त्यातून नो-लोड करंटचा, समजा २४ अँपिअर, तांब्यातला लॉस वजा करायचा, आधीचा १३८ आणि आताचा १५५. उरलं ९५२ आणि ११५५, म्हणजे लोखंड आणि घर्षणात मिळून २०० वॅट वाढले. हे लोडवर अवलंबून नाहीत, सहा हजार तासांना १२०० युनिट. दोन्ही मिळून वर्षाला साधारण १६५० युनिट, आणि एफिशियन्सीत सांगायचं तर ०.८५ टक्के घसरण. इथे एक गोष्ट लक्षात आली का, तारेच्या गेजवरून एवढी भांडणं होतात पण या उदाहरणात लोखंड-घर्षणाचा वाटा जवळजवळ तिप्पट आहे. लोड कमी असलेल्या मोटरमध्ये तो अजून वाढतो, कारण तांब्यातला लॉस करंटच्या वर्गाने कमी होत जातो आणि लोखंडातला जागचा हलत नाही.

नो-लोड करंट टाँग टेस्टरने (तारेभोवती अडकवायचा करंट मीटर) बघून "अँपिअर तेवढेच आहेत, काम चांगलं झालंय" म्हणणारे पुष्कळ. नो-लोड करंट बहुतेक सगळा मॅग्नेटायझिंग असतो, वॅट दोनशेने वाढले तरी अँपिअर जेमतेम हलतात. वॅटच मोजायचे, आणि तेही असा मीटर घेऊन जो कमी पॉवर फॅक्टरला नीट वाचतो.

पण मोटर जळूनच आली असेल तर "आधीचं" मोजणार कसं? हा खरा अडथळा आहे आणि यावर जादू नाही. मोटर चांगली असताना कधीतरी नो-लोड वॅट आणि रेझिस्टन्स लिहून ठेवले असतील तर उत्तम. नाहीतर उत्पादकाचा टेस्ट रिपोर्ट. तोही नसेल तर शेजारी तीच मेक-मॉडेलची दुसरी मोटर चालू असते, तिचे आकडे घ्या. कोअर टेस्ट मात्र जळालेल्या मोटरवरही होते, त्यामुळे लोखंडाचं आधी-नंतर नेहमी मिळू शकतं. आणि तारेचा छेद, टर्न, गजऱ्याची लांबी हे जुनं वायंडिंग फेकायच्या आधी मोजता येतं, त्यावरून रेझिस्टन्सचं गणित करता येतं. नेमप्लेटवरच्या एफिशियन्सीवर मात्र फार भिस्त ठेवू नका, आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या नियमात १५० किलोवॅटपर्यंतच्या मोटरींना लॉसच्या बाजूने १५ टक्के सूट आहे, म्हणजे ९२.७ लिहिलेली मोटर प्रत्यक्षात ९१.६ निघाली तरी ती नियमात बसते. आपण शोधतोय तो फरक यापेक्षा लहान आहे!

लोड फॅक्टरचंही तसंच. स्लिपवरून (चुंबकीय क्षेत्राच्या वेगाच्या, इथे मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या, रोटर जितका मागे राहतो ते) लोड काढायची पद्धत सगळ्यांना आवडते कारण टॅकोमीटर लावला की झालं. नेमप्लेटवर १४७५, मोजले १४८२, स्लिप १८ भागिले २५, लोड ७२ टक्के. छान. पण नेमप्लेटच्या स्लिपला २० टक्के इकडेतिकडे मुभा असते, म्हणजे खरी फुल लोड स्लिप २० ते ३० मध्ये कुठेही, आणि लोड ६० ते ९० टक्क्यांमध्ये कुठेही. शक्य असेल तर इनपुट किलोवॅट आठवडाभर लॉग करा. तासांसाठी तर अवर मीटर किंवा लॉगच बघा, "चोवीस तास चालते" असं सांगितलेली मोटर लॉगमध्ये बऱ्याचदा त्याच्या निम्मीच दिसते, आणि तासात दुप्पट चूक झाली की बाकी सगळी दशांशातली अक्कल वाया.

मग रिवायंडिंगच्या आधी आणि नंतर लाइनवरच पॉवर मीटर लावून बचत का नाही दाखवायची? कारण फरक पाव-अर्ध्या किलोवॅटचा आणि लोड तेवढा तर मिनिटामिनिटाला हलतो. सीटी (करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर) आणि मीटरची चूक धरली तर एक टक्का तिथेच गेला. लोड पक्का बांधलेला टेस्ट बेंच असेल तरच हा प्रकार करावा.

अजून एक चलाखी सांगतो, नवीन मोटर विकणारे करतात ती. ३७ किलोवॅटची आयई३ मोटर ९३.९ ची. आयई२ ची चांगली रिवायंड केलेली मोटर ९२.७. वरच्याच लोडला आणि तासांना फरक साधारण २३०० युनिट. पण विकणारा जुन्या मोटरची एफिशियन्सी आधी रिवायंडिंगच्या नावाने खाली पाडतो आणि मग फरक काढतो, आपल्या उदाहरणातली वाईट मोटर धरली तर हाच आकडा ३९५० होतो. त्यातले १६५० चांगल्या रिवायंडिंगनेही मिळाले असते, ते नवीन मोटरच्या खात्यात कसे? दोघेही, रिवायंडिंगवाला आणि मोटर विकणारा, तेच १६५० युनिट आपापल्या ब्रोशरमध्ये मोजतात. आणि पंप किंवा ब्लोअर असेल तर अजून एक, नवीन मोटरची स्लिप कमी असते, ती थोडी जोरात फिरते. १४७० ची जागा १४८० ने घेतली तर पंपाला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते, २ टक्के जास्त. १.२ टक्के एफिशियन्सी कमावली आणि २ टक्के लोड वाढवला. पाणी जास्त हवं असेल तर ठीक, नाहीतर बचत गेली. रिवायंडिंगमध्ये टर्न आणि रोटर तेच ठेवले तर वेग तोच राहतो, हा मुद्दा रिवायंडिंगच्या बाजूने कुणी मांडत नाही.

बऱ्याच मोटरींची यादी घेऊन एकत्र अंदाज करायचा असेल तर मी साधारण असं करतो. मोठ्या मोटरींना चांगल्या आणि वाईट कामातला फरक ०.५ टक्के धरतो, २ नाही. छोट्या मोटरींना थोडा जास्त धरायला हरकत नाही, १ पर्यंत, कारण त्यांची एफिशियन्सी मुळात कमी आणि चुकीचा परिणाम मोठा. मग त्याला अजून एका आकड्याने गुणतो, तो म्हणजे काम वाईट होण्याची शक्यता. सगळेच वायंडर वाईट नसतात हो! ज्या दुकानातून आधी काम व्हायचं तेही बऱ्यापैकी करत असेल तर नवीन "उच्च दर्जाच्या" कामाची बचत जवळपास शून्य आहे, आणि ते तसं लिहायला पाहिजे. वर्षं मोजताना पुढच्या रिवायंडिंगपर्यंतचीच मोजायची, मोटर गंजून जाईपर्यंतची नाही. आणि उत्तर एका आकड्यात न देता दोन आकड्यांमध्ये द्यायचं, "वर्षाला ५०० ते १५०० युनिट" असं. मॅनेजरला ते आवडत नाही, त्याला एक्सेलच्या चौकटीत एकच आकडा हवा असतो, मग मी खालचा देतो.

५-७ किलोवॅटच्या खालच्या आणि दिवसाला दोन-चार तास चालणाऱ्या मोटरींसाठी मात्र हा सगळा उपद्व्याप करू नका. तिथे कोअर टेस्ट झाली का, तार मूळ गेजची आहे का, बेअरिंग कुठलं टाकलं आणि मोटर मुळात जळली का, एवढंच विचारा. शेवटचा प्रश्न तर सगळ्याच मोटरींना, कारण एक फेज जाऊन जळलेली मोटर कितीही झकास रिवायंड केली आणि फेज घालवणारा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) तसाच ठेवला तर ती महिन्याभरात परत त्याच टेबलावर येते, आणि मग वर्षाच्या युनिटचा हिशोब कुणासाठी केला होता?